गुरुजी, तो कुत्रा दमला नाही का?

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या फोपनारच्या रस्त्यांवर सकाळच्या प्रहरी एक मौजेचे दृश्य दिसते. पुढे दीड वीत उंचीचा एक पांढरा कुत्रा, त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही. केळीच्या बागांकडे निघालेले शेतकरी ट्रॅक्टर क्षणभर थांबवतात आणि विचारतात, "काय गुरुजी, आज कोण कोणाला फिरवायला निघालं?" ज्या मुख्याध्यापकाच्या नुसत्या खाकरण्याने शाळेचा व्हरांडा शांत होतो, त्याने भर गावातून असे ओढले जावे याचे लोकांना मोठे कौतुक वाटते. आमचे गाव तसे अगदीच अप्रसिद्ध नाही. येथल्या जमिनीतून १९६४ साली बुद्धाच्या काशाच्या मूर्ती निघाल्या. त्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या समजल्या जातात आणि त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे भूषण झाल्या. परंतु गावातल्या बाळगोपाळांना त्या मूर्तींपेक्षा आमचा तिळू अधिक ठाऊक आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

तिळू वस्तुतः आमच्या चिरंजीवांचा. इंदूरला शिकत असताना पावसाळ्यातल्या एका रात्री वसतिगृहाच्या पायरीवर त्यांना हे पिलू सापडले. आई गावठी आणि वडील कोणा बंगल्यातले झुपकेदार शेपटीचे असावेत, असा आमचा तर्क. कपाळावर तिळाएवढा काळा ठिपका, म्हणून नाव तिळू. पूर्ण वाढ झाल्यावरही वजन साडेपाच किलोंच्या वर गेले नाही. पुढे चिरंजीवांना पुण्यास नोकरी लागली. तेथल्या घरमालकास कुत्रा चालेना, तेव्हा तिळूची रवानगी फोपनारला झाली. त्याला आमच्या स्वाधीन करून परत निघताना, बसमध्ये एक पाय ठेवून चिरंजीव म्हणाले, "बाबा, याला रोज फिरवत जा. फक्त तुमच्या चालीनं नको, त्याच्या चालीनं."

हे वाक्य आम्हास जरा झोंबले. आमची चाल ही आमच्या अभिमानाची गोष्ट होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही एक दिवस शाळेत उशिरा पोहोचलो नाही, आणि शाळेच्या सहलीत आमच्या पुढे कोणी चालले नाही. असो. मुलगा दूर निघाला होता, म्हणून आम्ही काही बोललो नाही.

त्याच वर्षी वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. सहावीच्या मुलांना आम्ही पांडवांच्या महाप्रस्थानाची कथा सांगत होतो. महाभारताच्या सतराव्या पर्वातली ही कथा मराठी घरांत सर्वांस परिचित आहे. राज्य परीक्षितास देऊन पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात, आणि कोठून तरी एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. वाटेत प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. धर्मराज मागे वळूनही पाहत नाही. अखेर तो आणि कुत्रा असे दोघेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्यास स्वर्गात जागा नाही. धर्मराज सांगतो, जो आश्रयास आला त्यास टाकून मला स्वर्ग नको. तेव्हा तो कुत्रा आपले खरे रूप प्रकट करतो. तो साक्षात यमधर्म असतो.

कथा रंगली होती. आम्ही खडू खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणे तात्पर्य विचारणार, तोच मागच्या बाकावरून एक किरकोळ देहाची मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "गुरुजी, तो कुत्रा दमला नाही का? त्याला पाणी कोणी पाजलं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "अगं, तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. धर्म कधी दमत नसतो. बस खाली." ती बसली. प्रश्न मिटला, असे आम्हास वाटले.

कुत्र्याविषयी आपल्या परंपरेत दुजाभाव आहे खरा, पण मायाही तितकीच आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान असतात आणि त्यांना आपण चार वेद म्हणतो. जेजुरीच्या खंडोबापाशी कुत्रा असतोच. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका आपण लहानपणीच ऐकतो. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक आहे. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी वाद आहे, २०१२ मध्ये ते हलवून पुन्हा बसवण्यात आले, तरीही तेथे गेलेला माणूस त्याच्यासमोर क्षणभर थांबतो. या सर्व कथांत कुत्रा निष्ठावंत आहे, पण त्याच्या तळव्यांविषयी कोणी लिहिलेले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. तिळूला घेऊन एखादा डोंगर चढावा, ही कल्पना आमच्या डोक्यात शिरली ती वाचनामुळे. आल्प्स पर्वतात कूलिज नावाच्या गिर्यारोहकाबरोबर चिंगेल नावाची एक कुत्री हिंडत असे. १८६८ साली ती त्याच्या वाटाड्याने त्यास दिली, आणि १८७५ मध्ये ती माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वोच्च शिखरावर जाऊन आली. अलीकडे २०१८ मध्ये नेपाळात एक मोकाट कुत्री आपण होऊन गिर्यारोहकांच्या मागे लागली आणि त्यांच्याबरोबर बारुन्त्से या ७,१२९ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचली. हे वाचून आम्ही तिळूकडे पाहिले. तिळूने जांभई दिली. आम्हास ती अनुमती वाटली.

पहिला बेत पचमढीजवळच्या नागद्वारचा होता. नागपंचमीच्या सुमारास काही दिवसच खुल्या होणाऱ्या त्या डोंगरवाटेवर विदर्भातले हजारो भाविक पायी जातात. आपल्या बाजूची मंडळीही जातात. परंतु बऱ्हाणपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे तिळूला लस टोचून घेण्यास गेलो असता त्यांनी तो बेत तेथल्या तेथे मोडीत काढला. "गुरुजी, तो सगळा सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे. तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नसतो." त्याचे कारणही त्यांनी सांगितले, आणि ते आम्हास नवे होते. कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा एक सांसर्गिक ताप असतो. तो कुत्र्यांकडून रानातल्या श्वापदांना लागतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली या रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथल्या सिंहांपैकी जवळजवळ एकतृतीयांश, दगावले. आपल्या गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले, त्यांतही हाच रोग आढळला. आमच्या साडेपाच किलोंच्या तिळूपासून वाघाला भय असू शकते, हे ऐकून आम्ही थक्क झालो. आम्हास आतापर्यंत केवळ उलटेच ठाऊक होते.

तेव्हा जवळचा असीरगड ठरला. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधल्या खिंडीवर पहारा करीत हा गड सातपुड्यात उभा आहे. त्यास दख्खनचा दरवाजा म्हणत. आसा अहिराकडून तो फारुकींकडे गेला, १६०१ च्या जानेवारीत अकबराने तो घेतला, पुढे शिंद्यांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी तो कायमचा जिंकला. पायथ्यापासून उंची सुमारे अडीचशे मीटर. आता वरपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आहे, पण जुनी पायऱ्यांची वाटही आहे. अश्वत्थामा अद्याप या गडावर वावरतो, पहाटे गुप्तेश्वर महादेवास फूल वाहून जातो, आणि वाटसरूंकडे कपाळीच्या जखमेसाठी तेल मागतो, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे.

डॉक्टरांनी निघण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी बजावल्या होत्या. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. निरोगी कुत्र्याचे तापमान साडेअडतीस अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते एक्केचाळिसाच्या वर गेले तर जिवावर बेतते. ठेंगणा कुत्रा जमिनीच्या जवळ चालतो, म्हणून वरून उन्हाची आणि खालून दगडाची, अशी दुहेरी धग त्याला लागते. दगडावर आपला उलटा तळहात ठेवावा. सात आकडे मोजेपर्यंत तो तेथे ठेवता आला नाही, तर त्या दगडावर कुत्र्याने चालू नये. पाणी थोडे थोडे, वारंवार पाजावे. सातपुड्यात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य. म्हणून दोरी सोडू नये आणि दिवेलागणीपूर्वी खाली यावे. आम्ही हे सर्व वहीत उतरवून घेतले. वहीत उतरवलेले आचरणात येतेच असे नाही, हे बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगणाऱ्यास वेगळे शिकवावयाचे नसते. तरीही पुढे तसेच झाले.

गेल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी आम्ही उभयता तिळूसह निघालो. सौ.ने पिशवीत भाकरी, झुणका, तिळूसाठी दहीभात, पाण्याच्या तीन बाटल्या आणि एक पितळी वाटी घेतली. बेत असा होता की, पहाटेच्या बसने निंबोल्याला उतरावे, तेथून शिवारातल्या वाटांनी पायी गडाचा पायथा गाठावा आणि ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचावे. परंतु पहिल्या गाडीच्या वाहकाने कुत्र्यास गाडीत घेण्याचे नाकारले. दुसऱ्यानेही मान हलवली. अखेर एक जीपवाला दुप्पट पैशांत तयार झाला. निंबोल्याला उतरलो तेव्हा साडेसहाच्या जागी साडेआठ वाजले होते.

शहाण्या माणसाने येथूनच परत फिरावे. सौ. तसे म्हणालीही. आम्ही म्हणालो, "आता आलोच आहोत तर…" आजवर या चार शब्दांनी किती माणसे संकटात लोटली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पहिला दीड तास फार सुखाचा गेला. गव्हाची कापणी होऊन शेते मोकळी झाली होती. पळस पेटला होता. मोहाच्या फुलांचा गोड, किंचित आंबूस वास हवेत दरवळत होता. तिळूच्या आनंदास सीमा नव्हती. प्रत्येक बांधाचा, प्रत्येक बोरीच्या जाळीचा तो समाचार घेई. आम्ही गंमत म्हणून मोजले, तेव्हा आमच्या एका पावलास त्याची पाच पावले पडत होती. त्याशिवाय मागेपुढे धावणे निराळे. म्हणजे पायथ्याशी पोहोचेतो तो आमच्या दुप्पट चालला होता. हे गणित आम्हास येत होते, पण त्याचा अर्थ आम्ही लावला नाही.

पायथ्याशी साडेदहा वाजले. फाल्गुनात सातपुड्यातल्या सागाची पाने गळून गेलेली असतात, हे आम्ही विसरलो होतो. रान होते, पण सावली नव्हती. नुसते उभे खराटे. सौ. म्हणाली, "अहो, गावात एखाद्या झाडाखाली बसू. चार वाजता चढू, नाहीतर आल्या वाटेनं परत जाऊ." आम्ही वर बोट दाखवून म्हणालो, "गड तर हा समोर दिसतोय."

पायऱ्या सुरू झाल्या. पायरी नऊ इंचांची आणि कुत्रा तेरा इंचांचा. आपल्यासमोर कोणी कमरेएवढ्या उंचीच्या पायऱ्या बांधून ठेवल्या आणि त्यांवर उड्या मारीत चढावयास सांगितले, तर आपण किती चढू? तिळू चढत होता. पहिल्या वळणाशी तो बसला. आम्ही दोरीला हलका हिसका दिला. त्याने आमच्या तोंडाकडे पाहिले, शेपटी हलवली आणि उठला. थोड्या वेळाने पुन्हा बसला, पुन्हा हिसका, पुन्हा उठला. तिसऱ्यांदाही तसेच झाले. आम्ही सौ.ला कौतुकाने म्हणालो, "पाहिलंस? शब्दाबाहेर नाही."

त्यानंतर दहा-बारा पायऱ्यांवर दोरी एकदम जड झाली. मागे वळून पाहिले तर तिळू आडवा पडला होता. डोळे अर्धे उघडे, जीभ पसरट आणि काळपट लाल, तोंडाशी चिकट फेस. सौ.ने वाटीत पाणी धरले, पण त्याने तोंड लावले नाही. आम्ही हाक मारली. शेपटीचे टोक किंचित हलले, तेवढेच.

वरून मोळी घेऊन एक म्हातारी उतरत होती. तिने मोळी टाकली, वाकून पाहिले आणि फटकारले, "बाबूजी, जीभ देखो इसकी. छाँव में लो, पेट पर पानी डालो. खड़े क्या हो?"

एवढी कडक आज्ञा आम्हास कोणी कित्येक वर्षांत दिली नव्हती. आम्ही तिळूला उचलून खडकाच्या आडोशाला, हातभर सावलीत नेले. पोटावर, बगलांत, मांड्यांच्या आत आणि तळव्यांवर पाणी ओतले आणि उपरण्याने वारा घालू लागलो. डॉक्टरांचे शब्द आता आठवले: पाणी साधेच हवे, बर्फाचे नको, ओला पंचा अंगावर घट्ट गुंडाळून ठेवू नये, कारण त्याने धग आत कोंडते, वारा लागू द्यावा. दोन बाटल्या संपल्या, तिसरी अर्धी झाली. म्हातारी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. सौ. काहीच बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा काय समजावयाचे ते आम्हास ठाऊक आहे.

सुमारे वीस मिनिटांनी त्याने जीभ आत घेतली, मान उचलली आणि वाटीतले दोन घोट पाणी प्याला. मग पाय पोटाशी ओढून स्वतःचा तळवा चाटू लागला. आम्ही तो पाय हातात घेऊन पाहिला. तळव्याची कातडी दोन ठिकाणी सोलून निघाली होती आणि खाली ओले, लाल मांस दिसत होते. हे काही शेवटच्या दहा पायऱ्यांत झालेले नव्हते. पुष्कळ मागे, कदाचित पहिल्या वळणाच्याही आधी झाले असले पाहिजे. तो बसला होता तो त्यामुळे. आणि उठला होता तो आम्ही दोरी ओढली म्हणून.

त्या तळव्याकडे पाहताना आमच्या डोळ्यांसमोर एक लहान पांढरा मोजा आला.

वीस वर्षांपूर्वी याच गडावर आम्ही शाळेची सहल आणली होती. चिरंजीव तेव्हा चौथीत होते. नवे कॅनव्हासचे बूट घालून ते आमच्या अगदी मागोमाग चढत होते. आम्ही मधून मधून, मागे न पाहता विचारीत होतो, "दमलास का रे?" आणि मागून उत्तर येत होते, "नाही बाबा." वर गेल्यावर बूट काढले तेव्हा टाचेकडे मोजा रक्ताने भिजला होता. आम्ही त्याची जखम धुतली, हे खरे. पण त्यानंतर त्याला सर्व मुलांसमोर उभे करून आम्ही म्हणालो होतो, "पाहा, याला म्हणतात जिद्द. एक शब्द तक्रारीचा काढला नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो आमच्याबरोबर एकाही सहलीस आला नाही. त्याला पुस्तकांची आवड अधिक, असे आम्ही लोकांना सांगत आलो.

बापाने आणि त्यातून गुरुजींनी "दमलास का?" असे विचारले, तर नऊ वर्षांच्या मुलाजवळ दुसरे कोणते उत्तर असणार? जो आपल्यामागे चालतो तो सशक्त असतो म्हणून चालतो, असे आम्ही आयुष्यभर धरून चाललो. तो कधीकधी केवळ आपल्यामागे राहावे म्हणून चालत असतो.

गडाचा दरवाजा तेथून फार दूर नव्हता. सौ. म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जाऊन या. मी बसते याच्याजवळ." आम्ही गेलो नाही. ऊन कलेपर्यंत तेथेच बसलो. मग उपरण्याची झोळी करून ती गळ्यात अडकवली, तिळूला तीत घेतले आणि खाली उतरलो. म्हातारीला भाकरी दिली. पैसे तिने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तळव्यांना मलम दिले, पंधरा दिवस सक्तीची विश्रांती सांगितली आणि आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आम्ही नापास मुलांच्या पालकांकडे पाहत असतो.

रात्री चिरंजीवांना फोन केला. घडले ते सर्व सांगितले, काही लपवले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "बाबा, तो मध्ये बसला होता का?"

"तीनदा."

"मग तुम्ही दोरी ओढलीत."

"ओढली."

पुन्हा शांतता. नंतर ते हळूच म्हणाले, "मीही बसलो होतो. दुसऱ्या वळणावर. तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही पुढे होता."

यावर काय बोलावे ते आम्हास सुचले नाही. मराठीचे एम.ए. असूनही एक वाक्य जुळेना. शेवटी एवढेच म्हणालो, "चुकलं माझं." ते कोणत्या दिवसाबद्दल म्हटले, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. फोन ठेवण्यापूर्वी ते म्हणाले, "दिवाळीत येतो. तेव्हा जाऊ. त्याला झेपेल तेवढंच."

आणि खरोखरच गेलो. दिवाळीच्या सुट्टीत, कार्तिकातल्या थंड पहाटे, भाड्याची जीप थेट पायथ्यापर्यंत करून. या वेळी पुढे तिळू, त्याच्यामागे चिरंजीव, मग सौ., आणि सर्वांत शेवटी आम्ही. दोरी सैल होती. तिळू थांबला की सर्वांनी थांबावयाचे, असा नियम ठरला होता. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की चिरंजीव त्याला उचलून झोळीत घालीत, आणि सपाटी आली की खाली सोडीत. दर थांब्याला चार घोट पाणी आणि तळव्यांची तपासणी. पूर्वी आम्ही जी वाट झपाट्याने चढून जात असू, तिला चौपट वेळ लागला. त्या वेळात आम्ही प्रथमच पाहिले की, तटाच्या दगडांत रानअंजिराची रोपे उगवली आहेत. आणि चिरंजीव पुण्यास काय काम करतात, हेही प्रथमच नीट समजले. चालताना ते बोलतात, हे आम्हास माहीत नव्हते.

दरवाजाशी पोहोचलो तेव्हा ऊन नुकतेच कोवळे पडले होते. तेथे बसलेला पहारेकरी म्हणाला, "गुरुजी, कुत्र्याला आत नेता येणार नाही." त्याचे बरोबरच होते. चिरंजीव आमच्याकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो, "तुम्ही दोघं महादेवाचं दर्शन घेऊन या. आम्ही इथं बसतो." मायलेकरे आत गेली. आम्ही आणि तिळू दरवाजाबाहेरच्या दगडावर बसलो. दगडावर उलटा तळहात ठेवून पाहिला. तो गार होता. तिळूने दहीभात खाल्ला, आमच्या पायावर हनुवटी टेकवली आणि झोपी गेला. खाली धुक्यात सातपुड्याच्या रांगा एकामागून एक उलगडत होत्या. अश्वत्थामा त्या दिवशी दिसला नाही. दिसला असता तर पिशवीत तळव्यांच्या मलमाची डबी होती.

शाळा उघडल्यावर आम्ही त्या मुलीला शोधले. ती आता आठवीत आहे. वर्गात सर्वांसमोर तिला उभे करून सांगितले, "तू दोन वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होतास. आम्ही त्याचं उत्तर चुकीचं दिलं. तो कुत्रा दमला असणार. त्याला पाणी कोणी पाजलं हे महाभारतात लिहिलेलं नाही, पण कोणीतरी पाजायला हवं होतं." ती लाजून खाली बसली. वर्ग या वेळी हसला नाही.

यंदा पौषात शाळेची सहल पुन्हा असीरगडास नेली. निघण्यापूर्वी मुलांच्या ओळी लावल्या. पूर्वी उंच, दमदार मुले पुढे असत आणि लहानगी मागे धापा टाकीत येत. या वेळी पाचवीतला सर्वांत ठेंगू मुलगा आम्ही ओळीच्या अग्रभागी उभा केला आणि त्याला सांगितले की, तू थांबशील तेव्हा सर्व शाळा थांबेल. त्याने संशयाने आमच्याकडे पाहिले. पहिल्या वळणावर तो खरोखर थांबतो की काय, हे पाहण्यासाठी मुद्दाम थांबला. त्याच्यामागे एकशे बारा मुले, चार शिक्षक आणि सर्वांत शेवटी आम्ही, असे सगळे थांबलो. मग त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि सावकाश चालू लागला.